कोयनेल, अफू आणि हबशाचं चित्र

विचारा, सांगतो

परभणीच्या आमच्या दुकानात आजोबांच्या काळातली एक वही आहे. हिशेब मोडीत, वहीत घडी करून ठेवलेला परवाना उर्दूत, आणि ज्या बाटल्यांचा हिशेब आहे त्यांची लेबलं इंग्रजीत. एक औषध विकायचं तर माणसाला तीन लिप्या लागायच्या. गेल्या अंकात मी या वहीवर चार ओळी लिहिल्या आणि ‘घरात जुन्या औषधाचं काही सापडलं तर कळवा’ म्हणालो. पत्रं एवढी आली, की निम्मी पुढच्या अंकाला ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. गल्ल्यावर बसून जे दिसलं आणि पुढं वाचून जे कळलं, ते सांगतो.

सासऱ्यांच्या ट्रंकेत एक तपकिरी बाटली निघाली. लेबलावर इंग्रजीत ‘क्विनाईन सल्फेट’ आणि कडेला पेन्सिलीनं मोडीत काहीतरी. एका जाणत्यांनी ते ‘कोयनेल’ असं वाचून दिलं. आमचं गाव तेव्हा निजामात. तिथवर हे औषध कसं पोचलं असेल? आणि आज ते वापरता येईल का?
– एक शिक्षिका, अंबाजोगाई

ताई, दुसऱ्याचं उत्तर आधी. वापरायचं नाही, चाखूनही बघायचं नाही. एवढी वर्षं उन्हाळ्या-पावसाळ्यात ट्रंकेत पडलेलं औषध आहे. क्विनाईन, म्हणजेच आपलं कोयनेल, हिवतापावरचं औषध. ते ताजं असतानाही कानात घुंई आणतं, जास्त झालं तर डोळ्यांवर आणि हृदयावर जातं. बूच उघडू नका.

आता पहिलं. बाटलीचं मूळ दक्षिण अमेरिकेत, अँडीजच्या डोंगरांत. तिथल्या सिंकोना झाडाची साल तापावर चालते, हे सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांमार्फत युरोपात पोचलं. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या दोघांनी सालीतून क्विनाईन वेगळं काढलं. तोवर सालीचा काढा चालायचा आणि त्यात गुण किती उतरेल ते ज्याच्या त्याच्या सालीवर. आता ग्रेनवर मोजता येईल अशी पूड हाती आली, म्हणजे पलटणीला रांगेत उभं करून वाटता येईल असं औषध. हिंदुस्थानात गोरे शिपाई लढाईपेक्षा ताप, पटकी आणि आवेनं जास्त मरायचे. औषधाची गरज लंडनला पटली ती तिथून.

पण साल पेरू-बोलिव्हियाच्या मुठीत. मग इंग्रज सरकारनं १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कहॅमला रोपं आणि बी आणायला तिकडं धाडलं. तिकडच्या लोकांना ते नको होतं, तरी आणलं. निलगिरीत उटीजवळ आणि दार्जिलिंगकडे मंगपूला सरकारी मळे उभे राहिले. याला चोरी म्हणावं का, यावर विद्वानांत अजून वाद चालतो. माझ्या दुकानातली बरणी कुणी न विचारता उचलली, तर मला वाद घालावा लागणार नाही.

मला मात्र या सगळ्यात आठवतो तो मान्युएल इंक्रा मामानी. बोलिव्हियातला हा गडी, चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या पदरी होता. कुठल्या झाडाची साल कसदार, हे त्याला झाडाकडं बघून कळायचं. त्यानं जमवलेलं बी लेजरनं १८६५ साली विकायला लंडनला पाठवलं. इंग्रज सरकारनं घेतलं नाही. डच सरकारनं त्यातलं थोडं घेतलं, जावा बेटावर लावलं, आणि त्या झाडांच्या सालीत क्विनाईन दहा टक्क्यांच्या वर निघालं. इंग्रजांच्या मळ्यांतली तांबडी साल त्याच्यापुढं फिकी. मामानी पुन्हा बी गोळा करताना पकडला गेला, कोठडीत मार खाल्ला आणि त्यातच गेला. झाडाचं शास्त्रीय नाव पडलं सिंकोना लेजरियाना. मालकाचं.

पुढं जगातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास क्विनाईन जावाच्या सालीचं झालं. १९१३ साली मळेवाले आणि कारखानदार यांनी एकत्र बसून भाव बांधून घेतला. त्यांची कचेरी ॲम्स्टरडॅमला, नाव किना ब्युरो. वसमतच्या तापकऱ्याला काय पडणार ते तिथं ठरायचं.

इंग्रजांनी आपल्या रयतेसाठी काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. मंगपूला तांबड्या सालीतले सगळे औषधी घटक एकत्र काढून ‘सिंकोना फेब्रिफ्यूज’ नावाची स्वस्त पूड बनवत. निवडक माल महाग, म्हणून गरिबाला मिसळीचा. आणि १८९२ पासून बंगालात टपाल कचेरीत क्विनाईनची पुडी एका पैशाला मिळू लागली. ज्या खिडकीत पाकीट, त्याच खिडकीत कोयनेल. ही युक्ती मला मनापासून आवडते, काढणारा गोरा साहेब असला तरी. पण ती इंग्रजी मुलखातली. आपलं टपाल निजामाचं, तिकिटंसुद्धा निराळी.

आमच्याकडे माल मुंबईहून यायचा. मनमाडहून जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादेकडे जाणारी लाईन १९०० साली चालू झाली, तिच्यावरून. निजामाच्या हद्दीत पेटी शिरली की करोडगिरी भरायची, म्हणजे जकात. नाणंही वेगळं. मुंबईच्या घाऊकवाल्याला कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपये मोजायचे, गिऱ्हाईक हातावर हाली, म्हणजे निजामाचं नाणं, टेकवणार. हालीची किंमत कमी, मधला बट्टा आजोबांच्या माथी. वहीत बट्ट्याचा रकाना वेगळा आखलेला आहे आणि तो कधी रिकामा नाही.

याच वहीची काही पानं मी पुन्हा पुन्हा उघडतो. वर फसली १३५१, म्हणजे आपलं १९४२. त्या मार्चमध्ये जपाननं जावा घेतलं. आठवड्याच्या यादीत ‘कोयनेल’ लिहिलंय आणि समोर ‘ना. आ.’, नाही आलं. पुढच्या आठवड्यात तेच. अशी अकरा पानं. बाराव्या पानावर आजोबांनी यादीतून तो शब्दच काढून टाकलाय आणि त्या ओळीवर लिहिलंय ‘काडेचिराईत’. जावा कुठल्या दिशेला आहे हे आजोबांना सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. पण जावा पडल्याची नोंद आमच्या घरात आहे, आणि ती अशी आहे.

तुमच्या बाटलीच्या लेबलावर कंपनीचं गाव छापलेलं असेल. फोटो काढून पाठवा, त्यावरून काही सांगता येतं का बघतो.

डासामुळं मलेरिया होतो हा शोध निजामाच्या राज्यात लागला, असं आमचे सर म्हणतात. खरं का?
– एक विद्यार्थी, सेलू

सरांचं बरोबर आहे, पण त्याला एक शेपूट जोड. २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला तो सिकंदराबादेत. मुलूख निजामाचा, पण छावणी इंग्रजांची, आणि रॉस सरकारी वैद्यकीय खात्यातले लष्करी डॉक्टर. माणसाच्या रक्तात हा जंतू त्याआधी १८८० साली लाव्हराँ यांनी पाहिला होता, तो अल्जीरियात. तेही फ्रेंच फौजेचे डॉक्टर. दोन्ही वेळा सूक्ष्मदर्शकामागं छावणी उभी आहे, हे वहीत लिहून ठेव.

रॉस यांनी हुसेन खान नावाच्या तापकऱ्याला डास चाववून घेतले, डासामागं एक आणा देऊन. १९०२ साली रॉस यांना नोबेल मिळालं. परीक्षेत हुसेन खानावर प्रश्न येणार नाही, तरी नाव लक्षात ठेव.

माझी आजी सरकी-कापसाच्या दिवसांत तान्ह्या लेकराला अफू चाटवून शेतात जायची. नातवंडांना सांगायची लाज वाटते. अफू सरकारच विकायचं हे खरं का?
– एक वाचक, जालना जिल्हा

लाज तुमच्या आजीनं वाटून घ्यायची नाही. माझ्याही आजीच्या बटव्यात कागदाच्या पुडीत ती काळी गोळी असायची. नखाच्या टोकावर मोहरीएवढी घ्यायची, दुधात कालवायची, लेकरू बांधावरच्या झोळीत गप. ‘रडलं तर येचणी व्हती का?’ असं ती म्हणायची. आणि आमच्या गल्लीतलं एक लेकरू असं झोपलं ते उठलंच नाही. त्या बाईनं पुढं कधी कुणाच्या मुलाला मांडीवर घेतलं नाही, एवढं आजी सांगायची. नाव कधी सांगितलं नाही.

आता सरकारचं. ईस्ट इंडिया कंपनीनं १७७३ साली बंगालमधल्या अफूचा मक्ता स्वतःकडे घेतला. शेतकऱ्याला उचल द्यायची, पीक ठरलेल्या भावानं आपणच घ्यायचं, पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत गोळे वळून पेट्या भरायच्या आणि कलकत्त्याला लिलाव. चीनमध्ये अफूला बंदी, म्हणून कंपनी स्वतःच्या जहाजातून नेत नसे. लिलावात घेतलेला माल खासगी व्यापारी नेत, म्हणजे कंपनीचे हात कोरडे. चीननं माल जप्त केला तेव्हा १८३९ साली लढाई लागली, नंतर १८५६ ला पुन्हा. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नात शेतसारा आणि मिठाच्या पंक्तीला अफू बसलेली होती.

आपल्या बाजूची अफू माळव्याची. ती संस्थानांत पिकायची, म्हणून तिथं मक्ता चालेना. मग इंग्रजांनी मुंबईच्या वाटेवर पास ठेवला आणि पेटीमागं पैसे घेतले. या व्यापारात मुंबईचे मोठमोठे शेठ उतरले. त्यांतले जमशेदजी जीजीभॉय १८४२ साली ‘सर’ झाले. त्यांनी लाख रुपये दिले आणि १८४५ साली मुंबईत इस्पितळ उघडलं. आपण त्याला जे. जे. म्हणतो. शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज. त्याच्या पहिल्या तुकडीतले भाऊ दाजी लाड पुढं आपल्या अजिंठ्याचे शिलालेख वाचण्यासाठी खपले, ते लेण्यांपर्यंत आल्यावर कुणी सांगत नाही, म्हणून इथं सांगून टाकलं.

जे. जे.त आमचे नातेवाईक बरे होऊन आले आहेत. मी त्या दगडांना नावं ठेवत नाही. पण हिशेबाच्या वहीत जमा कुठून झाली ते लिहायचं असतं. १८९३ साली विलायतेत आरडाओरडा झाला म्हणून अफूवर एक रॉयल कमिशन नेमलं. दोन वर्षांनी त्यानं निकाल दिला, की हिंदुस्थानात बंदीची गरज नाही. तुमच्या आजीला दुकानात अफू मिळत होती ती या लोकांच्या कृपेनं. तिचा गुन्हा एवढाच, की रोजावर जावं लागत होतं.

जिंदा तिलिस्मातच्या बाटलीवर काळ्या माणसाचं चित्र का असतं?
– एक वाचक, नांदेड

हा प्रश्न मला वर्षातून दोनदा तरी गल्ल्यावर विचारतात. हैदराबादेत हकीम मोहम्मद मोईझुद्दीन फारुकी यांनी १९२० साली हे औषध काढलं. चित्रातला माणूस हबशी. निजामाच्या फौजेत हबशी स्वारांची तुकडी होती, अंगानं धिप्पाड. औषध घेऊन असं व्हाल, असा त्याचा मतलब. मराठवाड्याला हबशी काही परका नाही. औरंगाबादच्या जागी १६१० साली खडकी वसवणारा मलिक अंबर हबशीच होता, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला.

गंमत बाटलीच्या आत आहे. बूच काढल्यावर नाकात जातो तो मुख्य वास निलगिरीच्या तेलाचा. आपण त्याला निलगिरी म्हणतो, पण झाड ऑस्ट्रेलियाचं. इंग्रजांनी सरपणासाठी ते निलगिरीच्या डोंगरांत लावलं आणि आपण डोंगराचं नाव झाडाला देऊन टाकलं. हकीमसाहेबांचं औषध अस्सल हैदराबादी, यात मला शंका नाही. पण ‘अस्सल’ म्हणून जे हातात येतं, त्याच्या तळाशी कुणाचं तरी जहाज असतं.

‘टॅब्लॉइड’ हा शब्द औषधाचा आहे असं ऐकलं. खरं?
– एक पत्रकार, लातूर

खरं. लंडनच्या बरोज वेलकम कंपनीनं १८८४ साली आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी हे नाव नोंदवलं. दोन्ही मालक मूळचे अमेरिकन. या गोळ्यांच्या पेट्या आफ्रिकेत शिरणाऱ्या साहेबांबरोबर जायच्या, स्टॅन्लेबरोबरही गेल्या. थोडक्यात सगळं कोंबलेलं, म्हणून छोट्या वर्तमानपत्रांना ते नाव चिकटलं. तुमच्या धंद्यानं आमच्याकडून उसनं घेतलंय, परत करा.

इंग्रज गेले, तरी औषधं महागच का राहिली? आमचे वडील साठ-बासष्ट साली कॅप्सूल एकेक करून आणायचे.
– एक शेतकरी, वैजापूर तालुका

काका, आणायचे, कारण आम्ही एकेक करून विकायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, अँटिबायोटिकच्या कॅप्सूल कुलपाच्या कपाटात ठेवायचे, सोनार ठेवतो तशा. आठ सांगितलेल्या असत, माणूस तीन न्यायचा. ‘उरलेल्या बाजार झाल्यावर नेतो,’ म्हणायचा. बरं वाटलं की यायचा नाही, आणि बरं वाटलं नाही तरी कधी कधी यायचा नाही.

इंग्रज गेले, पण त्यांचा १९११ चा पेटंटचा कायदा तसाच राहिला. त्यात औषधावरच हक्क मिळे. दुसऱ्या रीतीनं तेच औषध बनवलं तरी मूळवाल्याची परवानगी लागे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली, पेनिसिलिन तिथं होऊ लागलं, तो मोठाच आधार. तरी अमेरिकेत केफॉव्हर यांच्या समितीनं साठच्या आसपास चौकशी केली, तेव्हा अँटिबायोटिक्सच्या भावात भारत जगातल्या सर्वांत महागड्या देशांत निघाला. ते अमेरिकेच्या सिनेटरानं म्हटलं, म्हणून इकडं जरा हललं. १९७० साली नवा कायदा झाला, १९७२ ला लागू झाला. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या रीतीवर होतं. आपल्या रसायनवाल्यांनी रीती शोधल्या, आणि अण्णांनी कपाटाचं कुलूप काढलं. ते कुलूप अजून आहे, सायकलीला लावतो.

हाच कायदा मागं होता म्हणून २००१ साली सिप्लानं एड्सची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तेव्हा विलायती कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या पुढं होता. २००५ पासून पदार्थावरचं पेटंट परत आलं आहे. नव्या औषधाच्या बिलावर तुम्ही डोळे विस्फारता तेव्हा दुकानदाराकडं बघू नका, एवढीच विनंती. आमचं कमिशन तेवढंच आहे.

भेसळ पूर्वी नव्हती असं आमचे दादा म्हणतात. तुमचा अनुभव?
– एक गृहिणी, पाथरी

दादांना नमस्कार सांगा, पण भेसळ होती, आणि सगळ्यांत जास्त कोयनेलमध्येच. महाग, पांढरं, कडू. मैदा किंवा खडू घालायला आणखी काय हवं? ओरड इतकी झाली, की १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. तिच्या अहवालातून पुढं १९४० चा औषध कायदा आला. साहेबाच्या राज्यात साहेबाच्या बाटलीतली पूड खरी की खोटी हे बघायला तोवर धड कायदाच नव्हता.

आमच्या दुकानात अण्णांचा स्वतःचा कायदा होता. नवी पेटी आली की चिमूटभर पूड काचेच्या पेल्यात पाण्यात घ्यायची, पातळ केलेल्या गंधकाच्या तेजाबाचे दोन थेंब टाकायचे आणि पेला घेऊन ओट्यावर उन्हात जायचं. क्विनाईन असलं तर पाण्याच्या कडेला निळी झाक उठते, मोराच्या मानेवर असते तशी, पण फिकी. नुसता मैदा असला तर पाणी गढूळ आणि मुकं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना तो पेला धरायचं काम माझ्याकडे होतं. हात हलवायचा नाही, एवढीच अट.

वजनात मात्र अण्णांचा विश्वास माझ्यावर नव्हता, आणि ते बरोबर होतं. मिक्श्चरच्या बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची असते, एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. मी एकदा कोयनेलच्या बाटलीला आठ खाचांच्या जागी सहाची पट्टी लावली, म्हणजे एका वेळेला औषध जास्त गेलं. गिऱ्हाईक दोन दिवस ‘कानात भुंगा बसलाय’ म्हणत घरी पडून राहिला. अण्णा सायकलवरून त्याच्या गावी गेले, बाटली परत आणली, पैसे परत दिले आणि मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर कात्री आणि कोऱ्या कागदाचा ताव पुढ्यात ठेवला. संध्याकाळपर्यंत आठ खाचांच्या पट्ट्या कापत बसलो होतो.